अवे तिकिटाचे 30 पाउंड आणि सीझन तिकीटवाल्यांचे 'लाड'

टाइनकाठचा मिल्या

काल हॅरोच्या सच्याने लिहिलं, "इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगची 30 पाउंडांची अवे मर्यादा म्हणजे सीझन तिकीटवाल्यांचे लाड. काढून टाका. ज्याला परवडेल तो जाईल." अवे तिकीट म्हणजे आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो तेव्हा त्याच्यामागे जाणाऱ्यांचं तिकीट. त्याला 30 पाउंडांच्या वर किंमत लावता येत नाही, आणि ते आधी मिळतं सीझन तिकीटवाल्यांना, म्हणजे घरच्या सगळ्या सामन्यांचं तिकीट एकदम काढणाऱ्यांना. रात्री वाचलं आणि डोकं फिरलं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सच्या, तू हिशेबाचा माणूस आहेस, तर हिशेबच करू. अवे कोटा 3,000 चा, आणि ज्यांचं मैदान 30,000 पेक्षा लहान त्यांच्याकडे क्षमतेच्या दहा टक्के. पूर्ण कोटा विकला गेला तर यजमान क्लबला मिळतात 90 हजार पाउंड. तिकीट दुप्पट केलंस तर आणखी 90 हजार. घरच्या 19 सामन्यांचे मिळून जादा सुमारे 17 लाख. आता दुसरी बाजू बघ. 2025 पासूनच्या चार वर्षांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या टीव्ही हक्कांचे 6.7 अब्ज पाउंड. तळाला राहून खालच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबलाही लीगकडून वर्षाला 10 कोटींहून जास्त मिळतात. त्यात हे 17 लाख कुठे दिसणार? बाकावर बसणाऱ्या एका राखीव बचावपटूच्या पगारात संपतील. पण हेच 30 पाउंड आमच्याकडून जादा घेतलेस तर माझ्या बसमधली अर्धी माणसं पुढच्या सामन्याला नसतील. नर्स आहेत, गोदामात पाळीवर जाणारे आहेत, पेन्शनवर जगणारे आहेत.

आम्ही न्यूकॅसलचे. बोर्नमथ साडेपाचशे किलोमीटर. शनिवारी साडेबाराचा किकऑफ असला की बस मध्यरात्र उलटल्यावर निघते. सीझन तिकिटात अवे सामना येत नाही. त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हक्क मिळतो तो फक्त रांगेत पुढे उभं राहण्याचा. आणि तो हक्क वर्षानुवर्षं मंगळवारी रात्री, भर पावसात, हरणाऱ्या संघामागे उभं राहून मिळवलेला असतो.

अवे फॅन म्हणजे वऱ्हाड आहे. वऱ्हाड नसलं तरी लग्न लागतं, पण मांडवात काय उरतं? 2020-21 चे रिकाम्या मैदानांतले सामने आठव. टीव्हीवाले ज्या आवाजाचे अब्जावधी मोजतात तो आवाज निम्मा त्या कोपऱ्यातून येतो. आम्ही तो फुकट देतो, उलट 30 पाउंड भरून देतो. याला लाड म्हणतोस?

हॅरोचा सच्या

मिल्या, माझं अर्धंच वाक्य उचललंस. मी लिहिलं होतं की मर्यादा काढा आणि जादा पैसा तरुण पोरांच्या तिकिटांत घाला. ते सोयीस्कर विसरलास.

माझा क्लब लंडनचा, नाव जाऊ दे. अवे ब्लॉकला लागून मला जागा मिळते. मध्ये बंदोबस्ताच्या माणसांची रांग आणि एक जाळी. जाळीच्या पलीकडचा 30 देतो, मी 60-70 देतो. तोच गोल, तीच आसनं, तोच पाऊस. नोव्हेंबर 2024 मध्ये मँचेस्टर युनायटेडने उरलेल्या हंगामाची मेंबरांची तिकिटं सरसकट 66 पाउंडांवर नेली, पोरांना नाही, म्हाताऱ्यांना नाही, कुणालाच सवलत नाही. म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डवर घरचं दहा वर्षांचं पोर 66 देणार आणि पाहुणा आलेला धडधाकट इंजिनिअर 30. हे न्याय्य आहे असं मला समजावून सांग.

दुसरं. ही मर्यादा 2016-17 ला आली आणि अजून 30 च आहे. महागाई धरली तर तेव्हाचे 30 म्हणजे आजचे 40 च्या वर. म्हणजे तुझं तिकीट दरवर्षी स्वस्त होतंय आणि माझं महाग. तुला स्वस्तात देण्यासाठी बाकीच्या मैदानाकडून वसूल करतात, आणि ते बाकीचं मैदान म्हणजे मी.

आणि प्रवासखर्चाचं रडगाणं मला मान्य नाही. तू तुझ्या हौसेने जातोस.

मर्सीकाठचे काका

सचिन, "मला 60 पडतात म्हणून त्यालाही 60 पडू देत" हा न्याय मला कधीच कळला नाही. तुझे 60 खाली आणण्यासाठी भांड की.

ही मर्यादा कुणी दयेने दिली नाही. जानेवारी 2013 मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या लोकांना 62 पाउंडांचं तिकीट लावलं. सिटीने 3,000 पैकी 912 तिकिटं परत पाठवली. सामना संपल्यावर लाइन्समननेच सिटीच्या खेळाडूंना सांगितलं की त्या लोकांनी 62 पाउंड मोजलेत, जाऊन भेटा त्यांना. त्यातून 'वीस पाउंड पुरेत' ही मोहीम उभी राहिली. मागणी 20 ची होती, मिळाले 30. म्हणजे तुला जे लाड वाटतात ती आमची तडजोड होती.

फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधल्या सगळ्यात महागड्या तिकिटासाठी 77 पाउंड जाहीर केले. सन्डरलंडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो माणसं उठून बाहेर पडली. मीही उठलो. 2-0 ने पुढे होतो. बाहेर रस्त्यावर उभं राहून ऐकलं, 2-2 झालं. इतकी वर्षं तिथे जातोय, शिट्टीआधी मैदान सोडण्याची सवय नाही, पाय जड झाले होते. चार दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेऊन माफी मागितली. पुढच्याच महिन्यात वीसही क्लबांनी अवे मर्यादेला होकार दिला. घरच्या प्रेक्षकाच्या भांडणातून पाहुण्याचा फायदा झाला. तुम्ही दोघं एकाच बाजूचे आहात आणि एकमेकांच्या उरावर बसलाय.

मीनाक्षी लीड्स

सगळी चर्चा प्रीमियर लीगभोवतीच का फिरते? आम्ही लीड्सवाले 2025 मध्ये प्रीमियर लीगमध्ये वर आलो. त्याआधीची दोन वर्षं चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे त्याच्या लगेच खालच्या लीगमध्ये होतो आणि तिथे कसलीच मर्यादा नाही. नियम एवढाच की तशाच जागेसाठी घरच्या माणसापेक्षा पाहुण्याकडून जास्त घ्यायचे नाहीत. त्यावर पळवाट सोपी आहे. लीड्सवाले कुठेही येतात हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आमच्या सामन्याला वरची, महाग कॅटेगरी लावायची, घरच्यांचंही तिकीट वाढवायचं. घरच्यांपैकी बहुतेकांकडे सीझन तिकीट असतं, त्यांना झळ लागत नाही. एका मैदानावर चाळिसाच्या वर मोजून मी खांबाआड बसले. मुलगा खुर्चीवर उभा राहून बघत होता.

सच्या, मर्यादा काढली की काय होतं हे आम्ही जगून आलोय. तरुणांच्या तिकिटात पैसा घालू वगैरे कुणी करत नाही. जादा पैसा क्लबच्या खात्यात जातो, विषय संपतो.

कोथरूडचा गनर

तुमचं 30 की 60 चालू दे. मी पोटाला चिमटा काढून मागच्या वर्षी आर्सेनल बघायला लंडनला आलो. व्हिसा, विमान, राहणं सगळं धरून घरच्यांनी वेड्यात काढलं. आधी एका रीसेल साइटवर पैसे भरले, तिकीट आलंच नाही, पैसेही बुडाले. शेवटी मिळालं ते हॉस्पिटॅलिटीचं, म्हणजे खाण्यापिण्यासकट विकलं जाणारं महागडं तिकीट, ज्याच्या किमतीत तुमचा अख्खा अवे हंगाम झाला असता. आणि शेजारी बसलेला माणूस माझ्या नव्या स्कार्फकडे बघून मित्राला म्हणतो, टुरिस्ट.

मिल्या, टीव्हीच्या ज्या पैशाच्या जोरावर तू 17 लाखांना किरकोळ म्हणतोस, तो येतो कुठून? 2022 ते 2025 च्या करारांत परदेशी हक्कांची रक्कम पहिल्यांदाच ब्रिटनच्या रकमेपुढे गेली. तुझं 30 चं तिकीट आमच्या सबस्क्रिप्शनवर उभं आहे. आम्हाला निदान शिव्या तरी देऊ नका.

टाइनकाठचा मिल्या

मी शिवी दिली नाही. पण विषय काढलाच आहेस तर ऐक. शनिवारी साडेबाराचा किकऑफ भारतात हिवाळ्यात संध्याकाळी सहाला दिसतो, उन्हाळ्यात पाचला. कुणाच्या सोयीचा आहे तो? आमच्या तर नाही. सामना टीव्हीसाठी हलवला की आधी काढलेलं स्वस्त रेल्वे तिकीट वाया जातं. शनिवारी रात्री आठचा लंडनमधला सामना असेल तर संपल्यावर न्यूकॅसलची गाडीच नसते. हॉटेल करा नाहीतर बसस्टँडवर रात्र काढा. मी काढलीय, जानेवारीत, मुलीला जॅकेटात गुंडाळून. तू घरी सोफ्यावर बसून बघतोस आणि वर मला सांगतोस की माझं तिकीट तुझ्या जिवावर चालतं?

कोथरूडचा गनर

सोफ्यावर? त्याच आठच्या सामन्याला आमच्याकडे रात्रीचे दीड वाजतात. आई-बाबा झोपलेले, आवाज बंद करून, उशीत तोंड खुपसून गोल साजरा केलाय. साडेबाराची वेळ मी ठरवली नाही, मला कुणी विचारलं नाही. माझ्यावर कशाला राग काढतोस?

आणि तू कुठला? पुण्याचाच ना? नोकरी लागली म्हणून न्यूकॅसलला गेलास. ब्राइटनला लागली असती तर ब्राइटनचा झाला असतास. पगार पाउंडात यायला लागला की निष्ठा खरी आणि रुपयांत असला की टुरिस्ट? हे ठरवणारा तू कोण?

टाइनकाठचा मिल्या

निष्ठेचं मोजमाप पगारात मी केलेलं नाही, तू करतोयस. मी इथे राहतो, माझी मुलगी इथल्या शाळेत त्याच रंगाचा शर्ट घालून जाते, संघ हरला की सोमवारी तिला वर्गात ऐकून घ्यावं लागतं. क्लब त्या गावाचा असतो. आधी गावाचा, मग जगाचा. हे बोललं की लगेच तुम्ही दुखावता.

हॅरोचा सच्या

बघा, आता खरं बाहेर आलं. माझा मूळ मुद्दा हाच आहे. "आधी आम्ही." मी लंडनमध्ये राहतो, कर भरतो, मेंबरशिप भरतो, तरी सीझन तिकिटाच्या यादीत ताटकळतोय, आणि सीझन तिकीट नाही म्हणजे अवे तिकिटाचा विचारच सोडा. बहुतेक मोठ्या क्लबांत आधी पॉइंटवाल्यांना, मग कमी पॉइंटवाल्यांना. पॉइंट मिळतात अवे सामन्याला गेल्यावर, आणि अवे सामन्याला जायला पॉइंट लागतात. आत शिरायचं दारच नाही.

माझ्या ऑफिसात एक जण आहे. वर्षानुवर्षं स्वतः जात नाही. तिकीट काढतो, मेव्हण्याला नाहीतर मित्राला देतो, पॉइंट मात्र याच्या नावावर वाढत जातात. 30 पाउंडांत काढलेलं तिकीट ओळखीत कितीला जातं हेही मी ऐकलंय. किंमत बाजारापेक्षा कमी ठेवली की काळा बाजार होणारच. कोकण रेल्वेचं गणपतीतलं तिकीट काढून बघा.

मीनाक्षी लीड्स

गणपतीत गाड्यांचं भाडं दुप्पट केलं तर कोकणात चाकरमानी जाईल की एसीवाला पर्यटक? तुझंच उदाहरण तुझ्याविरुद्ध जातंय.

पण पॉइंटांबद्दल सच्या बरोबर आहे आणि मिल्या, यावर तू एक अक्षर बोललेला नाहीस. माझ्या मुलाला पॉइंट कुठून येणार? चौदा वर्षांचा आहे. गेल्या हंगामात आमच्या बसमध्ये त्याच्या वयाचं पोर शोधून सापडेना. सगळे पन्नाशीपुढचे. गाणी तीच, माणसं तीच. ही माणसं थकली की कोण गाणार?

मडगांवचो

तिकीट स्वस्त केलं की सगळं सुटतं असं मानणाऱ्यांसाठी. आमी एफसी गोवाचे. फातोर्ड्याहून अंधेरीला मुंबई सिटीविरुद्ध जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. तिकीट? काही शे रुपये. इंग्लंडच्या मानाने काहीच नाही. तरी आमचा अवे कोपरा किती वेळा मोकळा दिसतो! कारण सामने कधी आहेत तेच वेळेवर कळत नाही. आयएसएलचा, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगचा, 2025-26 चा हंगाम तर ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. रेल्वेचं आरक्षण कशाच्या भरवशावर करायचं? त्यामुळे मिल्याबाबाचं वेळेबद्दलचं दुखणं मला तिकिटापेक्षा मोठं वाटतं. सामना हलवला तर टीव्हीवाल्यांनी प्रवासाची भरपाई द्यायला हवी, ही मागणी तुम्ही का करत नाही?

आणि कोथरूडच्या भावा, तुझं प्रेम खरं आहे, मान्य. पण तुझ्या गावापासून अंधेरी तीन-चार तासांवर. तिथे कधी गेलास? बालेवाडीला सामने व्हायचे तेव्हा गेलास?

कोथरूडचा गनर

बालेवाडीला गेलो होतो. पुण्याचा संघ होता तेव्हा प्रत्येक हंगामात गेलोय. 2019 मध्ये तो बंदच झाला आणि नवा संघ हैदराबादला उभा राहिला. एका उन्हाळ्यात आमचा क्लब नाहीसा झाला, आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर मी ठरवलं की ज्याला कुणी उचलून नेणार नाही अशाच क्लबवर जीव लावायचा. त्यामुळे "गावातला क्लब बघ" हे मला सांगू नका. माझ्या गावात होता. नेला.

टाइनकाठचा मिल्या

हे मला माहीत नव्हतं. टुरिस्टवाल्या बोलण्यावर तुझा राग आता समजतो. तरी अवे तिकीट गावाला आधी, या मतावर मी ठाम आहे.

मर्सीकाठचे काका

मी या देशात आलो 1974 मध्ये. हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होतो, सुट्टीच्या दिवशी पोर्टरबरोबर कॉपवर, लिव्हरपूलच्या मैदानातल्या उभ्याने बघायच्या स्टँडमध्ये, उभा राहायचो. फिरत्या दारात नाणी द्यायची आणि आत जायचं. यादी नाही, पॉइंट नाहीत. पण बाहेरगावच्या मैदानांवर माझ्या रंगावरून जे ऐकलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्याबरोबरच्या पोर्टरने एकदा त्यावरून मारामारी केली. म्हणून सांगतो, 'खरा चाहता कोण' याची मोजणी सुरू झाली की पहिल्यांदा आपल्यासारख्यांनाच बाहेर काढतात. मिलिंद, तुझ्या मुलीलाही उद्या कुणीतरी विचारेल, तू मूळची कुठली. तेव्हा गावाचा हक्क सांग, पण जपून.

तिकिटाकडे परत या. दुसरीकडे काय झालं ते बघा. 2018 मध्ये स्पेनच्या सेव्हिया क्लबने मँचेस्टर युनायटेडच्या लोकांना 89 पाउंड लावले. युनायटेडने सेव्हियाच्या लोकांना तेवढेच लावले आणि त्या पैशातून आपल्या माणसांना माणशी 35 पाउंड परत दिले. आपल्या लोकांचं भलं झालं, पण भुर्दंड पडला सेव्हियाच्या साध्या माणसाला. मर्यादा नसली की असंच होतं, एका गावच्या गरिबाचा बदला दुसऱ्या गावच्या गरिबावर. शेवटी युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेलाच मर्यादा आणावी लागली. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला 2024-25 मध्ये 60 युरो, पुढच्या हंगामात 50. म्हणजे सगळं युरोप किंमत खाली आणतंय आणि सचिन, तू ती वर न्यायला सांगतोयस.

हॅरोचा सच्या

काका, तुमच्याशी वाद घालणं जड जातं. ठीक. 17 लाखांचा हिशेब मी रात्री पुन्हा मांडून बघितला, तो बरोबर आहे. एवढ्या पैशातून तरुणांचं फार काही भलं होणार नाही. मीनाक्षीताई म्हणतात तसं क्लब तो पैसा तिकडे वळवेल याची खात्री मला देता येत नाही. किंमत 30 राहू द्या. आनंदाने म्हणत नाहीये.

पण मग वाटपाची पद्धत बदला. स्वस्त वस्तू द्यायची आणि ती त्याच माणसांना आयुष्यभर द्यायची, हे मी कधीच मान्य करणार नाही. निम्मा कोटा सोडतीने, सीझन तिकीट असो वा नसो, आणि मैदानाच्या दारावर ओळखपत्र तपासा. ज्याच्या नावावर तिकीट तोच आत. माझ्या ऑफिसातल्या त्या माणसाचे पॉइंट एका हंगामात शून्य होतील.

टाइनकाठचा मिल्या

ओळखपत्राला माझी हरकत नाही. पण निम्मा कोटा? आमच्या बसमध्ये एक बाई आहेत, नवऱ्याबरोबर जायच्या, तो गेल्यावर एकट्या येतात. त्यांना सांगू की यंदा सोडतीत नाव आलं नाही, घरी बसा? आणि त्यांच्या जागी कोण, ज्याला फक्त मोठा सामना बघायचाय? बोर्नमथला मंगळवारी सोडतीत नाव आलं तर तू येशील का ते आधी सांग.

दहा टक्के देऊ. तेही पंचवीसच्या आतल्यांना.

हॅरोचा सच्या

येईन. मंगळवारी, पावसात, बोर्नमथला येईन. अजून कुणी बोलावलंच नाही मला.

बोर्नमथचं मैदान लहान. तिथल्या अवे कोट्याचे दहा टक्के म्हणजे शंभराच्या आसपास तिकिटं. वीस टक्के, आणि वयाची अट काढ. मी बेचाळीसचा आहे.

मीनाक्षी लीड्स

वयाची अट राहील. तू बेचाळीसचा आहेस, तुला कमावता येतं. माझ्या मुलाला येत नाही.

आणि मिल्या, सच्या, दोघांनाही विचारते. प्रीमियर लीगमधलं तुमचं भांडण मिटत आलंय असं धरू. खालच्या तीन लीगमध्ये 72 क्लब आहेत, त्यांच्या अवे फॅनला कसलीच मर्यादा नाही. उद्या तुमच्यापैकी कुणाचा संघ खाली गेला तर कळेलच, पण तोवर थांबायचं का? त्यांच्यासाठीही मर्यादा मागणारं सह्यांचं पत्र मी काढतेय, त्यावर या चर्चेतली किती नावं येणार आहेत ते सांगा.

मडगांवचो

माझं घाल. सामना हलवल्यास प्रवासाची भरपाई, हे कलमही घाल.

कोथरूडचा गनर

टुरिस्टाची सही चालत असेल तर माझीही.

टाइनकाठचा मिल्या

चालते. माझीही घाला. पण वीस टक्के मी दिलेले नाहीत.